फूल की दोन पानं

चिनू, तुझा व्हॉइस मेसेज रात्री ड्युटीवरून आल्यावर ऐकला. चवथीला पेडण्याच्या मावशीकडे पण मराठी आरत्या, तिथेपण दशावतार, गणपतीच्या वर फळं-पानं टांगायला आपण माटवी बांधतो तिला ती माटोळी म्हणते एवढाच काय तो फरक, मग ती गोंयकार आणि आपण महाराष्ट्राचे असं कसं? बरोबर विचारलंस. आणि रेडीहून तेरेखोलला जाताना तर मध्ये नदीपण लागत नाही, तरी गोवा सुरू होतो!

अरे, तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांनी 1746 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, म्हणून नदीच्या अलीकडे असूनही तो गोव्यात. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी आत घुसून तिथे तिरंगा लावला, म्हणजे सैन्य यायच्या सात वर्षं आधी, साधी माणसं बरं का. 1961 च्या डिसेंबरात गोवा सुटला आणि मग खरी भानगड, की आता हा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा. गोव्याचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणवाले. दिल्लीने परस्पर ठरवलं असतं तर कोण अडवणार होतं, देश तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता, पण त्यांनी लोकांनाच विचारलं. 16 जानेवारी 1967. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. बांदोडकरांच्या सरकारने त्याआधी राजीनामा दिला होता, मतदानावर दबाव नको म्हणून. पानं 34,021 मतांनी जिंकली. आणि गंमत बघ, दोनतीन महिन्यांत निवडणूक झाली तर त्याच लोकांनी त्याच बांदोडकरांना परत मुख्यमंत्री केलं! माणूस हवा, पण त्याचं हे म्हणणं नको.

तुझे पणजोबा शेवटपर्यंत म्हणायचे फूल जिंकायला हवं होतं. पण त्यांना मत कुठे होतं, आपण महाराष्ट्रातल्या शिरोड्याचे! मला विचारशील तर झालं ते बरं झालं. भाषेवरून पुढे वीस वर्षं भांडणं झाली, 1987 ला कोकणी राजभाषा झाली, सरकारी कामाला मराठीपण ठेवली, आणि त्याच वर्षी 30 मे ला गोवा वेगळं राज्य झालं.

आजीला विचारलंस तर ती म्हणेल, "सोयरीक काय सरकाराक इचारून करतत?" तिचंपण खरंच आहे.

यंदा मावशीकडे जाशील तेव्हा माटोळीला कवंडाळं, ती रानफळं, तू बांध, आणि फोटो पाठव, मला इथे सुट्टी नाही मिळाली.

बाबा