मुंबईतल्या डिलाईल रोडच्या चाळींतले लोक कापडगिरणी सोडून काय कामधंदा करायचे?

गिरणी सोडून? अहो, गिरणी चालायची ती जेवणावर. ते जेवण रांधणाऱ्या बायकांना मात्र कमावत्या माणसांत कोणी धरत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी आजी तिथेच बीडीडी चाळीत खाणावळ चालवायची. १६० चौरस फुटांची खोली, घरची सात माणसं आणि वर २२ मेंबर, म्हणजे महिन्याच्या पैशांवर जेवणारे गिरणी कामगार. सगळे राजापूरकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. झोपायला गावकीची, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, एक पाळी उठली की दुसरी त्याच जागेवर आडवी. जेवायला आजीकडे. पहिल्या पाळीचे डबे भोंग्याआधी तयार हवेत म्हणून तिचा स्टो पहाटे तीनला पेटायचा. माझे वडील शाळेआधी चार डबे गिरणीच्या गेटवर पोचवून यायचे. मेंबरांचे पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडची उधारी आजीच्या नावावर.

तिला लिहिता येत नव्हतं. वहीत प्रत्येक मेंबरची खूण होती: एकाला छत्री, एकाला मिशी, माशाशिवाय घास न उतरणाऱ्याला मासा. पुढे रोजची रेघ, खाडा असला की शून्य, पैसे मिळाले की फुली. शिमग्याला आणि गणपतीत पानंच्या पानं शून्यांची. चार दिवसांखालचा खाडा ती कापून देत नसे, त्यावरून कटकटीही व्हायच्या.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाने स्मरणिका काढली. आमच्या काकांनी माहिती दिली: आजोबा ‘गिरणी कामगार’, आजी ‘गृहिणी’. आजोबा बदली कामगार होते हो, कायमचा कोणी गैरहजर असला तरच काम! महिन्यात दहा-बारा दिवस काम लागलं तर नशीब. काकांचं म्हणणं, घर आजोबांच्या पगारावर चाललं आणि वहीतली चित्रं पोरांनी काढलीत. पोरं फुल्या मारून उधारी मांडतात का? १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतरची पानं बघा. रेघा चालू आहेत, फुली एकही नाही. मग एकेक खूण बंद होत जाते, गडी गावी गेला. छत्रीवाला मे महिन्यापर्यंत होता. वाण्याचं देणं फेडायला आजीला दोन वर्षं लागली.

आणि ही काही एकटी आजी नव्हे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खाणावळवाल्या बायकांचं, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. बँकेला जे कळलं ते काकांना अजून कळायचंय. आईने परक्या पुरुषांना वाढलं हे छापून आलं तर लोक काय म्हणतील, ही खरी मेख.

बाकी धंदे म्हणाल तर लालबागची मिरची गल्ली आणि मसाला कुटायचे डंक आजही आहेत, चिवडा गल्लीही. पगाराच्या दिवशी गेटवर वसुलीला उभे राहणारे पठाण सावकारही त्यातच धरा. गिरणीतसुद्धा बायका होत्याच, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळाच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात.

एक मात्र सांगायला हवं. आजीच्या पंगतीला दुसऱ्या जातीचा माणूस बसल्याचं मी कधी ऐकलं नाही. गिरणीतही तेच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ नको म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलितांना घेत नसत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. तेव्हा खाणावळीचं कौतुक करताना मी तिला सगळ्यांची माउली वगैरे म्हणणार नाही.

तुम्ही चाळीची माहिती गोळा करत असाल तर भाडेपावतीवरचं नाव उतरवून थांबू नका. त्यावर बाप्यांचीच नावं सापडतील. घरातल्या म्हातारीला विचारा, मेंबर किती होते. आणि मुलगा ‘गृहिणी’ म्हणाला तर त्याच्यासमोर पुन्हा विचारा.

काका हे वाचतीलच. वही माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघा. घेऊन जायला मिळणार नाही.