राणीच्या बागेत चौसष्ट मुले

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. दोन तुकड्यांची मिळून ६४ मुले डिसेंबरमध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत न्यायची असे ठरले असून नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. अशी सहल मी आजवर नेलेली नाही. एवढा खर्च करून जायचे तर सगळे प्राणी दाखवून व्हावेत, असा मुख्याध्यापकांचा आग्रह आहे आणि मूल हरवले तर काय, असे पालक विचारत आहेत. सुरुवात कुठून करावी?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : सुरुवात मुख्याध्यापकांच्या आग्रहापासूनच करू, कारण सहलीचे बाकीचे सगळे गणित त्यावर अवलंबून आहे. सगळे प्राणी दाखवायचे असा बेत धरला, की मुलांच्या वाट्याला प्राणी येत नाहीत, केवळ चालणे येते. हे मी अनुभवाने सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नव्वद मुलांना घेऊन याच बागेत गेले होते. एकही पिंजरा सुटू नये म्हणून ‘चला, पुढे चला’ असे दिवसभर ओरडत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्रे काढायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी बस काढली होती आणि बऱ्याच जणांनी फाटकाबाहेरची कुल्फीची गाडी. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकच नियम पाळला : तीन प्राणी निवडायचे, प्रत्येकापुढे किमान वीस मिनिटे थांबायचे आणि बाकीचे वाटेत दिसतील तेवढे दिसतील. मुख्याध्यापकांना हे पटवणे कठीण नाही. परिसर अभ्यासात मुलांनी निरीक्षण करावे असे आपणच म्हणतो, आणि निरीक्षणाला वेळ लागतो, एवढे त्यांच्या नजरेस आणून द्या.

कोणते तीन, हे आपण ठरवाल. माझी निवड सांगते. पहिले चितळ. हरणांपुढून मुले धावत पुढे जातात, कारण त्यांना वाघ पाहायचा असतो, पण थांबून पाहण्यासारखे सर्वांत जास्त हरणांकडेच असते. चितळाच्या नराची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात. काळविटाची आणि नीलगाईची मात्र एकदा आली की जन्मभर राहतात. शिवाय आपल्याकडच्या चितळांत सगळ्या नरांची शिंगे एकाच वेळी गळत नाहीत. त्यामुळे एकाच कळपात एकाची शिंगे पूर्ण वाढलेली, दुसऱ्याची अर्धवट आणि तिसऱ्याचे डोके रिकामे असे पाहायला मिळू शकते. एका सहलीत माझ्या वर्गातला एक अबोल मुलगा जाळीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग माझा पदर ओढून म्हणाला, “बाई, त्याच्या शिंगांना केस आलेत.” वाढत्या शिंगांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ, लवदार कातडी असते, ती त्याला दिसली होती. शिंग पूर्ण वाढले की ही कातडी वाळते आणि प्राणी ती झाडाला घासून काढतो. मी स्वतः त्या जाळीपुढून कितीतरी वेळा गेले होते, पण ते माझ्या लक्षात आले नव्हते.

दुसरा पाणघोडा. तो बराच वेळ पाण्यात बुडून असतो, म्हणून मुले कंटाळतात. त्यांना घड्याळ धरायला सांगा : नाक वर आल्यापासून पुन्हा वर येईपर्यंत किती वेळ गेला? साधारण पाच मिनिटांपर्यंत तो श्वास रोखू शकतो. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर एका रांगेत का आहेत, हा प्रश्न वर्गात न विचारता तिथे, त्याच्याकडे पाहत असताना विचारा. मुले आपणहून उत्तर देतात.

तिसरा पेंग्विन. सहलीच्या आठवडाभर आधी मुलांना पेंग्विनचे चित्र काढायला सांगा. जवळजवळ सगळी मुले बर्फ काढतील. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ते २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आणले गेले आणि २०१७ च्या मार्चमध्ये लोकांना पाहता येऊ लागले. ही जात मूळची पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवरची. तिथे बर्फ नसतो. खडकाळ, कोरडा किनारा असतो आणि त्याला लागून वाहणारा थंड पाण्याचा प्रवाह. मुंबईच्या उकाड्यात मात्र त्यांना गार हवा आणि गार पाणी यंत्रांनी पुरवावे लागते. परत आल्यावर मुलांना तेच चित्र पुन्हा काढायला लावा आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी भिंतीवर लावा. सहलीचा अहवाल याहून चांगला होत नाही.

वाघ दिसेलच, असे कबूल करू नका. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो. झोपलेला वाघ हाही वाघच, हे आधी सांगितलेले असले म्हणजे मुले त्याच्यासाठी हाका मारत नाहीत, काचेवर थापा मारत नाहीत. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तिसरीच्या मुलांना कायदा सांगू नये, त्यामागचे कारण सांगावे. हरणाच्या पोटात प्लास्टिकची पिशवी गेली की ती बाहेर येत नाही, पोटातच साठत राहते, एवढे मुलांना पुरे होते.

आता प्रवास. ऐरोलीहून लोकलने जायचे तर ठाण्याला गाडी बदलावी लागेल. सकाळच्या गर्दीत ठाण्याच्या पुलावरून ६४ लहान मुले नेण्याचा विचार मी करणार नाही. बसच करा. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला, तिथून पूर्व द्रुतगती महामार्गाने शीवमार्गे भायखळा हे अंतर तीसेक किलोमीटर असले, तरी सकाळी मुंबईच्या दिशेने वाहनांची रांग लागते, म्हणून दोन तास धरा. साडेसातला बस सुटली तर साडेनऊला, बाग उघडण्याच्या सुमारास, आपण फाटकाशी असाल. परतीसाठी दोनला निघावे, म्हणजे संध्याकाळची कोंडी टळते. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा दिनदर्शिका नीट पाहा. शनिवार-रविवार गर्दीचे असतात. मंगळवार किंवा शुक्रवार उत्तम.

पण त्याआधी आपण एकट्या एकदा जाऊन या. हातात घड्याळ घेऊन, मुलांच्या चालीने चाला. कुठले पिंजरे दुरुस्तीसाठी बंद आहेत, डबे कुठे खाऊ देतात, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृहे कुठे आहेत, हे स्वतः पाहा. स्वच्छतागृहाचा हिशेब कोणी मांडत नाही आणि सहल तिथेच अडते. एका वेळी आठ मुले आणि पाच मिनिटे धरली, तरी ६४ मुलांना चाळीस मिनिटे लागतात. म्हणून सगळ्यांना एकदम नेऊ नका. गट पाळीपाळीने पाठवा आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांना झाडाखाली बसवून वही उघडायला लावा. शाळेच्या परवानग्यांबाबत मुख्याध्यापकांकडून शिक्षण विभागाच्या सूचना आधी तपासून घ्या आणि प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र घ्या. त्यात मुलाचे आजार आणि औषधे यांचा रकाना असावा.

पालकांच्या भीतीचे उत्तर असे. ६४ मुलांचे आठ गट करा, प्रत्येक गटात आठ मुले आणि एक मोठे माणूस. शिक्षक कमी पडतील तिथे पालक घ्या, मात्र स्वतःचे मूल असलेला गट त्यांना देऊ नका, कारण त्यांचे लक्ष एकाच मुलावर राहते. यांच्याशिवाय एक शिक्षक बिनगटाचा ठेवा, म्हणजे एखादे मूल आजारी पडले तरी गट उघडा पडत नाही. प्रत्येक मुलाला एक ते आठपैकी एक क्रमांक द्या आणि मोजताना मुलांनीच आपला क्रमांक ओरडून सांगावा. डोकी मोजण्यात मोठे माणूस चुकते. तेच ‘पाच’नंतर शांतता झाली, तर सहावे मूल नाही हे त्याच क्षणी कळते. बसमध्ये चढल्यावर, फाटकातून आत गेल्यावर, डबा खाण्यापूर्वी आणि नंतर, बाहेर पडताना आणि परतीच्या बसमध्ये असे मोजावे. गळ्यातल्या ओळखपत्रावर दर्शनी बाजूला शाळेचे नाव आणि शिक्षकांचा मोबाइल क्रमांक लिहावा, मुलाचे नाव मागच्या बाजूला. अनोळखी माणसाने मुलाला नावाने हाक मारली तर मुलाला तो ओळखीचा वाटतो, म्हणून ही काळजी. ‘चुकलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा, आम्ही मागे येतो’ हे वाक्य निघण्यापूर्वी मुलांकडून पाठ करून घ्या.

डब्यानंतर उरलेला वेळ झाडांना द्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. ही बाग १८६२ पासूनची आहे आणि वनस्पतींची बाग म्हणूनच तिची खरी श्रीमंती आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तिथे आहे. तिच्या खोडाला मिठी मारायला किती मुले लागतील, याचा अंदाज वर्गात आधी लिहून घ्या आणि तिथे दोरीने घेर मोजता आला तर मोजा. बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती मुलांना जरूर दाखवा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यामुळेच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात पडून फुटला, त्याचे तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून तो उभा केला गेला. सांधे आजही दिसतात, ते मुलांनाच शोधू द्या.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. त्याच्या शाळेची सहल प्राणिसंग्रहालयात जाणार आहे. प्राण्यांना कोंडून ठेवलेले दाखवून मुलांवर काय संस्कार होणार, असे मला मनापासून वाटते. त्याला पाठवू नये का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला प्रश्न मला रास्त वाटतो आणि तो टाळून सहल नेणाऱ्या शाळा मुलांवर अन्याय करतात, असे माझे मत आहे. तरीही मी पाठवा असेच म्हणेन, मात्र मुलाशी खरे बोलून. एखादा प्राणी त्याच चार पावलांत पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालताना दिसला आणि मुलाने कारण विचारले, तर ‘तो खेळतोय’ असे सांगू नका. बंदिस्त जागेत राहणाऱ्या प्राण्यांना अशी सवय लागू शकते, हे सांगा. देशातील प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. हत्तीला कळपाने लांबवर चालायला जागा लागते आणि ती तिथे मिळू शकत नाही, म्हणून २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतून हत्ती हलवण्याचा निर्णय घेतला. दुसरी बाजूही मुलाला कळावी. आपल्या नद्यांतली लांब, निमुळत्या तोंडाची सुसर नामशेष होण्याच्या बेतात असताना १९७५ पासून नदीकाठची तिची अंडी गोळा करून ती उबवली गेली, पिल्ले माणसांच्या देखरेखीखाली वाढवली गेली आणि चंबळसारख्या नद्यांत सोडली गेली. अशी कामे जिथे होतात तिथे कोंडण्याला काही अर्थ उरतो, जिथे होत नाहीत तिथे आपली शंका बरोबर आहे.

एक करता येईल. त्याच हिवाळ्यात त्याला ठाण्याच्या खाडीवर घेऊन जा. २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झालेली आणि २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत असलेली ही पाणथळ जागा आपल्या दाराशी आहे आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ती पाहता येते. ओहोटीने चिखल उघडा पडला, की रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत चालतात. शेवाळात आणि बारीक कोळंबीत असलेल्या रंगद्रव्यांमुळे त्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते. कोंडलेला आणि मोकळा असे दोन्ही प्राणी मुलाने पाहिले, म्हणजे आपण जे त्याला समजावू इच्छिता, त्यातले बरेच तो आपल्याला समजावील.

प्रश्न : मुलगी दुसरीत असून तिला बस लागते. राणीच्या बागेची सहल आहे आणि तिला जायचेच आहे. काय करावे? बरोबर मोबाइल द्यावा का?
– एक आई, कळवा

उत्तर : अवश्य पाठवा. निघण्यापूर्वी तासभर आधी पोहे किंवा पोळी असे हलके खाऊ द्या. उपाशी पाठवू नका आणि दूध देऊ नका. बसमध्ये चाकाच्या वरची जागा नको, पुढची खिडकी मिळावी, म्हणून बाईंना आदल्या दिवशी लेखी कळवा आणि हीच जागा परतीच्या प्रवासातही लागेल हे त्यात लिहा, कारण येताना मुले पळत जाऊन जागा पकडतात. औषध द्यायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच. मोबाइल देऊ नका. तो सांभाळण्यातच तिचा दिवस जाईल. दप्तरात दोन कागदी पिशव्या, एक जुना रुमाल आणि बदलायचा एक फ्रॉक असू द्या, आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे तिला स्वतःला माहीत असू द्या.