अल्बममधलं विमान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पार्ल्याहून): आजोबांच्या अल्बममध्ये एका छोट्या विमानाचा कृष्णधवल फोटो सापडला. मागे लिहिलंय, 'जुहू, १५ ऑक्टोबर १९३२, टाटांची पहिली टपाल'. वर्तमानपत्राला द्यायचा विचार आहे. त्याआधी एकदा बघाल का?

उत्तर: बरं झालं आधी विचारलंत. फोटो जरूर द्या, पण मागची ओळ देऊ नका.

त्या दिवशी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते 'पस मॉथ' विमानातून. तुमच्या फोटोत आहे ते 'लेपर्ड मॉथ'. दोन्ही डी हॅविलंड कंपनीची, दोन्हींचा पंख डोक्यावर, दोन्हींच्या नाकात उलटं बसवलेलं ४ सिलिंडरचं जिप्सी इंजिन. समोरून पाहिलं तर सख्खी भावंडं. मी स्वतः यात फसलोय. मित्राच्या घरी भिंतीवरच्या लेपर्डला ठासून पस म्हटलं, वर त्याच्या आईने केलेले पोहेही खाल्ले. आठवड्याने चूक लक्षात आली तेव्हा परत जाऊन सांगायची लाज वाटली. शेवटी पोस्टकार्ड टाकलं.

तेव्हापासून मी नाक सोडून आधी पाय बघतो. हँगरमध्ये ३० वर्षं विमानांच्या पोटाखाली वाकून काढली, त्यामुळे नजर तशीही खालीच जाते. भिंग घ्या आणि चाकापासून निघालेला जाड दांडा कुठे जातो ते बघा. पस मॉथचा दांडा वर चढत जातो, पार पंखाच्या मुळापर्यंत. (त्याच्यावरचं आवरण वैमानिकाला ९० अंशांत आडवं फिरवता यायचं. वारा अडायचा आणि विमान उतरताना वेग कमी व्हायचा. काय डोकं लढवलंय!) तुमच्या फोटोतला दांडा मात्र वर जातच नाही. तो तिरका पुढे जाऊन इंजिनाच्या मागच्या भिंतीला खालीच भिडलाय. हे लेपर्डचं लक्षण. शंका उरली तर पंख बघा. पसचा पंख फळीसारखा सारख्या रुंदीचा, लेपर्डचा टोकाकडे निमुळता होत जाणारा.

लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं २७ मे १९३३ला. १९३२च्या ऑक्टोबरात ते जुहूला कुठून येणार?

आता विमान सोडून आजूबाजूला बघा. शेपटीमागे अर्धी जीप दिसतेय, उभ्या फटींची जाळी अगदी स्पष्ट आहे. जीप १९४१च्या आधीची नसते. आणि तुम्ही फोटोची मागची बाजूही स्कॅन करून पाठवलीत हे फार चांगलं केलंत, कारण ती ओळ बॉलपेनने लिहिलेली आहे. १९३२ साली बॉलपेन बाजारात नव्हतं. म्हणजे आजोबांनी ती पुढे कधीतरी, आठवणीतून लिहिली.

पण आजोबांना खोटं पाडू नका. जेआरडींनी तो कराची–मुंबई प्रवास १९६२ साली पुन्हा केला आणि १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, आणखी एकदा. दोन्ही वेळा लेपर्ड मॉथमधून. फोटोच्या कागदाची कातरलेली पांढरी कड पाहता माझा कौल १९६२ला. त्या सोहळ्यात 'पहिली टपाल' हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी असणार, तेच आजोबांनी टिपले. मूळ फेरीत सोहळा कसला? अहमदाबादला बर्मा शेलचं पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर आलं होतं.

प्रश्न (पुण्याहून): वडील हवाई दलात होते. लोहगावच्या या फोटोत ते एका मोठ्या विमानाच्या पोटाखाली उभे आहेत. आई म्हणते डाकोटा. खरं का?

उत्तर: आईंना नमस्कार सांगा, पण डाकोटा नव्हे. डाकोटाला दोन इंजिनं आणि एकच उभं शेपूट. इथे एका पंखावरच दोन इंजिनं दिसतायत आणि मागे पानाच्या आकाराची दोन शेपटं. हे अमेरिकन बी-२४ लिबरेटर, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर. काही जण त्याला लँकेस्टर हे ब्रिटिश बॉम्बर समजतात. पण लँकेस्टर शेपटीखालच्या चाकावर बसतं, हे नाकाखालच्या चाकावर आडवं उभं राहतं.

मला सगळ्यात आवडलं ते वडिलांच्या खांद्यामागे आहे. पोटाचं दार खाली लोंबत नाही, ते विमानाच्या कुशीवर वर सरकलंय, दुकानाच्या शटरसारखं. बॉम्ब टाकायची अशी दारं ही लिबरेटरची खास खूण. याच्यापुढे मी दुसरा पुरावा मागणार नाही.

युद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला मोडीत टाकलेली होती. पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली ४०च्या आसपास सांधून बंगळूरला उडवत नेली, पूर्ण दुरुस्त केली आणि हवाई दलाला दिली. सहा क्रमांकाचं स्क्वाड्रन ती पुण्याहून उडवायचं. १९६८पर्यंत ती सेवेत होती. आज जगभरच्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उरलीत, त्यांतली बरीचशी आपल्या हवाई दलाकडून गेलेली. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं तर पुण्याहूनच उडत गेलं. वडिलांच्या डोक्यावर आहे तेच ते असेल का? शेपटावरचा क्रमांक तुमच्या फोटोत कापला गेलाय. निगेटिव्ह असेल तर पूर्ण चौकट काढून पाठवा.

प्रश्न (मडगावहून): दाबोळी, १९५७च्या सुमाराचा फोटो. विमान अगदी लहान, पण इंजिनं चार! अंगावरची अक्षरं 'सीआर-आय…', पुढची दिसत नाहीत. भारतीय विमानांवर तर 'व्हीटी' असतं ना?

उत्तर: असतं, पण तेव्हा गोवा भारतात कुठे होता? 'सीआर-आय' ही पोर्तुगीज भारताची नोंदणी. भारताने कोंडी केल्यावर पोर्तुगिजांनी १९५५ साली 'टीएआयपी' ही विमानसेवा काढली. ती दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीला जायची. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि तिचा कारभार आटोपला.

विमान डी हॅविलंडचं 'हेरॉन'. १४ ते १७ प्रवासी आणि त्यांच्यासाठी चार इंजिनं, म्हणजे घरात दोघं नि चुली चार. शेपटीचे आडवे पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले आहेत ते बघा, चुकायला जागाच नाही. आपल्या इंडियन एअरलाइन्सकडेही तेव्हा हेरॉन होती, पण त्यांच्यावर 'व्हीटी'च. शेवटची दोन अक्षरं काकूंच्या छत्रीआड गेलीत. काकूंनी त्या दिवशी आणखी एखादा फोटो काढून घेतला असेल तर तो शोधा, छत्री मिटलेली असली म्हणजे झालं.