हेडसेट घातल्यावर वाट चुकतेय? आधी एवढं करा

भाऊ, व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवला की जे आभासी जग दिसतं, त्यात नवख्याला दिशा कळत नाही हे अगदी स्वाभाविक आहे. मन खट्टू करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: वळायचं असेल तर स्वतः वळा. जॉयस्टिकने वळलात की डोळ्यांना जग फिरताना दिसतं, पण कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की शरीर जागेवरच आहे. मग दिशेचा हिशेब चुकतो, वर मळमळतं ते वेगळंच. उभं राहायला जागा नसेल तर फिरती खुर्ची घ्या.

टेलिपोर्टने, म्हणजे न चालता एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी जाऊन, लांब उड्या मारू नका, मधली वाट डोळ्यांखालून जातच नाही. छोट्या उड्या घ्या आणि अधूनमधून मागे वळून बघा. परतताना तोच चौक उलट्या बाजूने दिसतो, आणि नवे लोक हमखास तिथेच फसतात.

मग खुणा. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, तरी माणूस कोपऱ्यावरचं देऊळ किंवा दुकानच लक्षात ठेवतो. इथेही तसंच करा. फक्त खूण हलणारी नको, उभी गाडी केव्हाही निघून जाते. समोरच्या दृश्याच्या कोपऱ्यात दिसणारा नकाशा सतत उघडा ठेवलात तर खुणांकडे लक्षच जात नाही. हेडसेट काढल्यावर आठवेल तसा रस्ता कागदावर काढा. कुठे अडतं ते लगेच कळेल.

मेंदूतल्या जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालं; तो विषय सुंदर आहे, पण नंतर वाचा. आणि डोकं जड झालं की त्या दिवशी तिथेच थांबा, रेटू नका.