व्यायामाचा मूड येत नाही? मग पुण्याला फोन लावा

जानेवारीत जिम लावलं, मार्चपर्यंत गेलो, मग मुलांचे क्लासेस, मग ऑफिसचं काहीतरी आणि मग राहिलंच... तिकडे परदेशातल्या बऱ्याच मराठी घरांत हेच चालू असतं. मूड येईल मग जाऊ म्हणत बसलात तर तो काही येत नाही. इथे पुण्यात पहाटे तळजाईला नाहीतर हनुमान टेकडीवर एवढी माणसं दिसतात, त्यातल्या सगळ्यांना काय व्यायामाची आवडबिवड नसते हो, पण ग्रुप खाली येऊन थांबलेला असतो आणि दांडी मारली की दुसऱ्या दिवशी टोमणे (पुणेरी टोमणे, म्हणजे सांगायला नकोच). तुम्हाला तिकडे असं खोळंबून राहिलेलं कोणी नाही, खरी अडचण ती आहे.

म्हणून सांगते, आईबाबांनाच पार्टनर करा. पुण्यात सकाळी 6 वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ, हिवाळ्यात साडेसात, म्हणजे तुमची जेवणं झालेली आणि बाबा बूट घालून निघालेले, फोन लावा आणि दोघंही आपापल्या रस्त्यानं चालायला लागा. नाहीतरी सोफ्यावर लोळत बोलताच ना. इअरफोन मात्र एकाच कानात, रस्ता क्रॉस करायचाय. लंडनवाल्यांनी दुपारचा लंच टाइम धरा, तेव्हा इथे संध्याकाळ असते, आणि डिसेंबरात तुमच्याकडे चारलाच अंधार पडतो, तेवढंच जरा ऊन.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाललं की शुगर एकदम वर उसळत नाही आणि हे आपल्यासाठी फार महत्त्वाचंय, कारण आपल्या लोकांना डायबेटिस तुलनेनं कमी वयात होतो, वजन फार नसतानाही होतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, म्हणजे रोजची बावीसच की. पण नुसतं चालून स्नायूंना ताकद येत नाही, त्याला आठवड्यातून दोनदा तरी बैठका, जोर असलं काहीतरी हवंच. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

फरक कुठे कळतो? झोप बरी लागते, बेसमेंटमधून कपड्यांची बास्केट वर आणताना धाप लागत नाही, सुट्टीत इकडे आलात की पर्वतीच्या 103 पायऱ्या मुलांच्या बरोबरीनं चढता. वजनाचा काटा हलायला वेळ लागतो, त्याच्याकडे रोज बघू नका.

आणि शनिवारी फोन मुलांच्या हातात द्या, आजोबांशी तेवढंच मराठी होतं. बर्फ असेल तर मॉलमध्ये चाला, पण पाकीट घरी ठेवून.