‘विणणे’ कोणाच्या मालकीचं? (आणि ‘माग’ कुठून आला?)

प्रश्न असा आहे: गोल लूमवर (कडेने खुंट्या लावलेल्या कड्यावर) लोकरीची टोपी केली, तर सुयांवर विणणाऱ्या मंडळींनी ‘हे विणकाम नव्हे, गुंडाळकाम’ म्हणून नाक मुरडलं. ‘विणणे’ हे क्रियापद फक्त सुयांच्या कामासाठी आहे का? आणि लूमला मराठीत ‘माग’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर: नाही. बाज विणतात, टोपली विणतात, जाळं विणतात, आणि यातल्या कशालाही दोन सुया लागत नाहीत. पालीत ‘विनाति’ आहे, त्याचा अर्थ कापड विणणे. लोकरीच्या सुया या क्रियापदाच्या घरात फार उशिरा आल्या. ज्यांचा हक्क सर्वांत अलीकडचा, तेच सातबारा फडकवत उभे राहतात, हे वारंवार ऐकून कंटाळा आला आहे.

‘लूम म्हणजे यंत्र’ हाही असाच एक गैरसमज. या चौकटीत हलणारा एकही भाग नसतो. खुंटीला धाग्याचा वेढा द्यायचा, मग हुकाने खालचा फास उचलून वरच्यावरून खुंटीपलीकडे सोडायचा. झाला टाका. सुयांच्या कामात टाके सुईवर थांबतात, इथे खुंटीवर. याउलट विल्यम लीने 1589 मध्ये इंग्लंडात मोजे विणायचं केलं ते खरं यंत्र. पुढे त्यावर काम करणाऱ्यांच्या संघाला 1657 मध्ये सनद मिळाली, ती ‘फ्रेमवर्क निटर्स’ या नावानं. यंत्रवाल्यांना निटर म्हणायला इंग्रजी कचरली नाही, मग हाताने एकेक फास उचलणाऱ्याला विणणारा म्हणायला आपण का कचरावं?

आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच की लूमचं काम बरेचदा विरळ दिसतं. त्याचं कारण खुंट्यांमधलं अंतर. मोठ्या लूमवर ते साधारण पाऊण इंच असतं; त्यावर एकेरी फोर-प्लाय (चार पदरी) लोकर घेतली की जाळी दिसणारच. असे दोन धागे एकत्र घ्या. दुसरं, प्रत्येक खुंटीला पूर्ण वेढा दिला (ई-रॅप) की टाक्याचे दोन पाय खाली एकमेकांवर चढतात, टाका पिळलेला येतो. सुयांवर टाक्याच्या मागच्या बाजूने सुई घालून सुलट विणलं, तर नेमका हाच टाका मिळतो. पूर्ण वेढा न देता धागा जुन्या फासाच्या वर, खुंटीच्या समोरून नेला की साधा सुलट टाका येतो. फक्त धागा ओढून धरू नये, नाहीतर फास इतका आवळतो की पुढच्या फेरीत हुकच शिरत नाही. असं केलेलं कापड सुयांच्या कापडाशेजारी ठेवा आणि टीकाकारांना ओळखायला सांगा. कड गुंडाळली जाते म्हणून हिणवतात, पण ती सुलट कापडाची खोड आहे, सुयांवरही गुंडाळली जाते. सुरुवातीच्या चार फेऱ्या आलटून पालटून सुलट आणि उलट घातल्या की कड सपाट राहते.

आता खरी गंमत, ‘माग’. हा शब्द संस्कृत ‘मार्ग’वरून आला, धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या नळीच्या) ये-जा करण्याच्या वाटेवरून, असं सांगणारे भेटतात. छान कल्पना, पण कल्पनाच! ‘माग काढणे’, ‘मागमूस’ यांतला माग मार्गापासून आला, हे निर्विवाद: मार्ग, प्राकृतात मग्ग, मराठीत माग. अग्नीचं अग्गि आणि मग आग झालं, तसंच. पण कापडाचा माग वेगळा. शेजारी बघा: कन्नडमध्ये मागाला ‘मग्ग’ म्हणतात, तेलुगूत ‘मग्गम्’. इतका जवळचा शब्द, तोही नेमक्या याच वस्तूसाठी, दाराशी असताना संस्कृतच्या वाटेनं कशाला जायचं? शिवाय माझा तर्क असा की हा शब्द आपल्याकडे फार जुन्या काळी आला असणार. अक्का, अण्णा हेही तिकडूनच आलेले, पण त्यांतली जोडाक्षरं जशीच्या तशी राहिली. मग्गचा मात्र ‘माग’ झाला, म्हणजे जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होण्याचा बदल चालू असतानाच तो घरात होता. (नात्याची हाक घासली जात नाही, असा प्रतिवाद होतो. तो मला पटत नाही. ‘हत्थ’चा ‘हात’ झालाच ना, तो काय कमी वापरात होता?) दोन वेगळे मग्ग एकाच मराठी रूपात येऊन मिळाले, आणि मार्गवाले त्या योगायोगाला फसले.

तेलुगू शब्दाचा पुढचा प्रवास तर आपल्या प्रश्नाच्या कामाचा आहे. ब्लाउजवरचं ‘मग्गम वर्क’ आता आपल्याकडच्या बुटीकमध्येही मिळतं. ते भरतकाम आहे; लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात आणि आरीच्या सुईने टाके, मणी, जरी भरतात. त्यात ना ताणा (उभा धागा), ना बाणा (आडवा धागा). तरी ती चौकट मग्गम्. म्हणजे मूळच्या घरीच हा शब्द ‘ज्यावर धागा धरून काम करायचं ती चौकट’ इथवर पसरला आहे. मग आपल्या खुंट्यांच्या चौकटीला ‘खुंटीमाग’ म्हणायला काय हरकत? ‘लूम’ही चालेल. ‘हातमाग’ मात्र नको. 1985 च्या हातमागविषयक कायद्यातली व्याख्या ‘यंत्रमाग सोडून कोणताही माग’ इतकी सैल आहे, हे खरं. पण मराठीत जिथे धोटा नाही, तिथे हातमाग नाही.