बूटलोडर उघडावा का?

प्रश्न: जुन्या फोनचे अपडेट बंद झाले, म्हणून लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली पर्यायी प्रणाली टाकायची आहे. अँड्रॉइड खुले असूनही बँकेची अ‍ॅप बंद पडतात, असे का?

उत्तर: खुला आहे तो अँड्रॉइडचा मूळ कोड, अनेक अ‍ॅप ज्यांच्या आधारे चालतात त्या प्ले सर्व्हिसेस गूगलच्याच ताब्यात आहेत. लिनिएजओएससाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, उघडावा (अनलॉक करावा) लागतो. तो उघडल्यावर फोन सहसा प्ले इंटिग्रिटीच्या, म्हणजे फोनमध्ये फेरफार झाला आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या तपासणीत अडकतो आणि अशी अ‍ॅप नकार देतात. विकत घेतलेल्या फोनवर इतका अंकुश आम्हाला पटत नाही.

तरी करायचे तर आधी बॅकअप घ्या. अनलॉक होताच सगळा डेटा पुसला जातो. सेटिंग्जमधील ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टॅप करून, त्यामुळे दिसू लागणाऱ्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘ओईएम अनलॉकिंग’ (बूटलोडर उघडण्याची परवानगी) सुरू करा. पुढच्या पायऱ्या लिनिएजओएसच्या आपल्या मॉडेलच्या पानावरूनच घ्या. नंतर बूटलोडर पुन्हा लॉक करू नका, फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. यूपीआयसाठी दुसरा फोन ठेवा.